कमरेचं ओलं फडकं

मनकर्णाबाईच्या रागाला वेळकाळ नव्हता. सकाळी बायकांनी खच्चून भरलेला टेम्पो जीनच्या फाटकात शिरला की ही पदर खोचून समोर उभीच. काडेपेटी, मोबाइल, पदराच्या पिना, सगळं फाटकावरच्या टोपलीत टाकल्याशिवाय एकीलाही आत सोडायची नाही. कोणी कुरकुर केलीच तर ठरलेलं ऐकायला मिळे. "तुह्या घरी चूल पेटव जाऊन. इथं कापूस हाये."

अकोल्याहून मूर्तिजापूरकडे निघालं की हे जीन लागतं. दिवाळीनंतर सुरू होतं आणि ऊन चांगलं चटकायला लागेपर्यंत चालतं. गाड्या भरभरून कापूस येतो. रेचे नावाची यंत्रं त्यातली सरकी काढून टाकतात, मोकळी झालेली रुई पट्ट्यावरून सरकत पुढे जाते आणि शेवटी प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधल्या जातात. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना बायका उभ्या राहून रुईतला काडीकचरा वेचतात. मनकर्णाबाई या बायकांची मुकादम.

या कामात एकच खरी भीती. कापसाबरोबर कधी एखादा खडा येतो, कधी गाडीचा तुटका खिळा. तो रेच्याच्या सुरीला घासला की ठिणगी उडते. ठिणगी रुईत पडली तर लगेच जाळ होत नाही, आणि हेच वाईट. रुई तिला पोटात घेते आणि आतल्या आत धुमसत राहते. गाठ बांधून झाली, ट्रकवर चढली, रस्त्याला लागली तरी बाहेरून काही कळत नाही. म्हणून जीनमध्ये नियम होता, की ठिणगी दिसली, नुसता भास झाला, तरी खांबावरचं लाल बटण दाबायचं. भोंगा वाजतो, पट्टा थांबतो आणि मग सगळ्यांनी मिळून रुई चाळायची.

नियम चांगला होता. पण बटण दाबलं आणि काही निघालं नाही, तर मनकर्णाबाई दाबणारीची जी काही शोभा करायची, ती बघून पुढच्या बाईचा हात आपोआप आखडायचा.

आता खरं सांगायचं तर ही बाई रागीट नव्हतीच. ती भित्री होती. भोंगा वाजला की तिच्या पोटात गोळा यायचा, आणि आपली ही गत कोणाला दिसू नये म्हणून ती तोंड सोडायची. मुकादमाला भ्यालेलं पाहिलं तर बायका डोक्यावर बसतील, रागावलेलं पाहिलं तर वचक राहील, असा तिचा साधा हिशेब. इतकी वर्षं या जीनमध्ये काढली, पण उभी राहायची कायम दाराजवळ. गाठी रचायच्या आवारात तर तिने कधी पाऊलच टाकलं नव्हतं. "थे खुशालरावचं काम," असं प्रेस चालवणाऱ्या माणसावर ढकलून मोकळी व्हायची.

याचं मूळ तिवशाकडच्या एका जीनमध्ये होतं. लग्नाआधी ती आणि तिची थोरली बहीण जयवंता तिथे जायच्या. एका दुपारी रेच्यातून ठिणगी उडताना मनकर्णानं पाहिली. सगळ्यांच्या आधी तिनेच पाहिली. ओरडायला तिने तोंड उघडलं. घशातून आवाजच निघेना. ती तशीच उघड्या तोंडाने उभी राहिली आणि रुईच्या ढिगापाशी बसलेल्या जयवंतेच्या पाठीमागून आग उठली. जयवंता त्यातून वाचली नाही. माणसं सांत्वनाला आली, पंचशील झालं, आई ऊर बडवून रडली, पण ठिणगी पाहिल्याचं मनकर्णा कोणापाशी बोलली नाही. पुढे अकोल्यात श्रावणशी लग्न झालं, ललितसारखा मुलगा झाला, तो आता अमरावतीला क्लास लावून परीक्षेची तयारी करतो. त्या दोघांनाही तिने हे कधी सांगितलं नाही.

यंदाच्या हंगामात नीलम नावाची नवी पोरगी कामाला आली. नवऱ्याबरोबर नुकतीच अकोल्याला राहायला आलेली, अंगाने काडी, पण नजर मोठी तेज. आठवडाभरातच तिने बटण दाबलं. भोंगा झाला, पट्टा थांबला, रुई चाळली, आणि निघालं काय तर कपाशीचं एक तांबडं वाळकं पान. पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हात ते चमकलं होतं.

मनकर्णाबाईचा गोळा अजून पोटातच होता. ती सगळ्यांसमोर पोरीवर तुटून पडली. "डोये हायेत का गोट्या? पान अन् इस्तो कयत नाई तुले? उद्या शेंबूड पाहून भोंगा वाजवशीन!" बायका हसल्या. नीलमच्या डोळ्यांना धार लागली, पण हात मात्र कचरा वेचत राहिले.

त्या दिवसापासून बायकांनी आपली एक युक्ती काढली. प्रत्येकीने कमरेला एक ओलं फडकं खोचायला सुरुवात केली. ठिणगीचा संशय आला की बटणाकडे जायचंच नाही. फडकं आपटायचं, जळका पुंजका फडक्यातच गुंडाळायचा आणि गप्प राहायचं. याला त्यांनी नावही दिलं, मुकं विझवणं. रागिणी नावाची जुनी कामकरीण होती, जिभेची तिखट. ती म्हणायची, "बटणापरीस फडकं बरं. फडकं शिव्या देत नाई." मनकर्णाबाईने ती फडकी पाहिली होती. तिला वाटलं, उन्हं वाढली म्हणून बायका मान पुसतात. एकदा तर तिने कौतुकही केलं. गंमत बघा, जिला आगीची सर्वांत जास्त भीती, तिच्याच नाकाखाली हे चाललं होतं.

होळी होऊन गेली होती. त्या दिवशी आवारात ट्रक लागला होता, नांदगाव पेठेच्या सूतगिरणीला गाठी जायच्या होत्या. मॅनेजर किशोरभाऊ सकाळपासून घाई करत फिरत होते. प्रेसवरून गाठ उतरली की हमाल ती थेट ट्रकवर चढवत होते. एरवी गाठी काही वेळ आवारात मोकळ्या ठेवायची पद्धत, पण त्या दिवशी तेवढी सवड कोणाला नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत बायका निंबाखाली डबे सोडून बसल्या. मनकर्णाबाईची नजर नीलमवर गेली. पोरगी डाव्या हाताने भाकर मोडत होती.

"उजव्या हाताले काय झालं?"

"काई नाई."

"दाखव."

नीलमने हात मागे घेतला. मनकर्णाबाईने तो धरून पुढे ओढला. तळव्यावर टपोरा फोड आला होता. शेजारी तिचं फडकं पडलं होतं. बाईने ते उचलून झटकलं, तर घडीतून रुईचा जळका काळा पुंजका खाली पडला.



"कवा?" मनकर्णाबाईने विचारलं.

"मंगाशी."

"बटण दाबलं?"

नीलमने मान खाली घातली. मनकर्णाबाईचं डोकं सणकलं. हात उचललाच गेला तिचा. "जीव जातीन ना लोकायचे! बोलली काहून नाईस वो?"

नीलमने मान वर केली. या वेळी नजर खाली घेतली नाही. "तुमचं भेव वाटलं, बाई."

"अन् इस्तवाचं नाई वाटलं?"

"वाटलं. पण तुमचं जास्त वाटलं."

उचललेला हात तसाच राहिला. मनकर्णाबाईला काही क्षण समोर नीलम दिसतच नव्हती. दिसत होती तिवशाकडच्या जीनमधली एक पोर, तोंड उघडं टाकून उभी. तिची वाचा कशाने गेली होती ते कोणी सांगू शकणार नाही. पण या पोरीची वाचा कशाने गेली ते आज चारचौघांत सांगून झालं होतं. बाईने हात खाली घेतला आणि विचारलं, "सारी इझली का?"

"एक पुंजका इझवला. त्याच्यामांगं अजून एक लाल दिसला... का भास झाला, समजलं नाई. पट्टा पुढं निंगून गेला."

ते ऐकून मनकर्णाबाई उठली ती धावतच प्रेसवर गेली. मागोमाग बायका. खुशालराव प्रेसपाशी तंबाखू मळत बसला होता. सगळं ऐकल्यावर त्याच्या हातातली तंबाखू सांडली. "सकाळधरनं बांधलेल्या साऱ्या गाठी टरकात हायेत, बाई. कोणती म्हणून काढू? हे कवा झालं थे तं सांग पोरी."

नीलमला वेळ सांगता येईना. घड्याळ नाही, मोबाइल फाटकावर. "रागिणीताई पाणी प्यायले गेल्ती ना, तवाची गोष्ट," एवढं तिला आठवलं.

सगळे रागिणीकडे बघायला लागले. रागिणीने तोंड फिरवलं. "मले काई माईत नाई. मी पाणी प्यायले दहादा जाते."

तिकडे ट्रकच्या गाठींवर दोर आवळला जात होता. मनकर्णाबाईने बायकांवरून नजर फिरवली. प्रत्येकीच्या कमरेला ओलं फडकं. आणि आता कुठे तिला ती फडकी कशासाठी होती ते उमगलं. महिनाभर या बायका तिच्या पाठीमागे हाताने विस्तव विझवत होत्या. 

"आज अजून कोणी फडकं मारलं?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. एकमेकींकडे बघणंही बंद झालं. मनकर्णाबाईच्या जिभेच्या टोकावर शिव्यांची रांग उभी होती. इतकी वर्षं तेच केलं होतं, तेच सोपं होतं. पण एक शिवी गेली की ही उरलीसुरली तोंडंही शिवली जातील, हे तिला दिसत होतं. आणि तिकडे ड्रायव्हर केबिनमध्ये चढला होता.

ती भिंतीला टेकून खाली बसली. मुकादम बाई अशी मातीत बसलेली कोणी पाहिली नव्हती.

"माही मोठी बहीण होती, जयवंता," ती म्हणाली. "तिवशाकडल्या जीनमंदी जयून गेली. ठिणगी मी पायली होती. पयले मीनंच पायली. तोंड उघडलं तं आवाज नाई निंगाला. सांगायले पायजे होतं, मीनं नाई सांगतलं. आजपावतर कोणालेच नाई सांगतलं."  "मले लय भेव वाटते वो. रोजच वाटते. तुमी बटण दाबता तं माह्या पोटात गोया येते, अन् थे लपवासाठी तोंडातून शिव्या निंगतात. चुकलं माह्यं. पण आता बोला माय, हात जोडतो तुमाले."

 मग रागिणीने कमरेचं फडकं उपसलं आणि बाईच्या पुढ्यात टाकलं. तिच्याही फडक्यात काळं लागलं होतं.

"मीबी इझवली. पाणी पिऊन आली अन् लगीच एक दिसली. तवा खुशालभाऊ कापडाचा नवा थान लावून राह्यले होते. मी दारातून पायलं."

खुशालराव ताडकन उठला. गाठीला वरून जे कापड गुंडाळतात त्याचा जुना थान पिवळट होता, नवा लावला तो पांढराशुभ्र. "मंग नव्या थानाच्या पयल्या दोन-चार गाठीतच असंन. पांढऱ्या कापडाच्या!"

ट्रकने धूर सोडला. मनकर्णाबाई धावली आणि सरळ त्याच्या तोंडापुढे जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरने शिवी हासडून ब्रेक मारला. किशोरभाऊ ऑफिसातून पळत आले.

"काय चालवलंय हे? गाडी जाऊ दे, उशीर झालाय."

"पांढऱ्या कापडाच्या गाठी उतरवा भाऊ. एकीत इस्तो हाये."

"खात्री आहे का तुला?"

"नाई."

"काही निघालं नाही तर?"

 हा प्रश्न मनकर्णाबाई गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांना विचारत आली होती. "नाई निंगालं तं शिव्या द्या मले. साऱ्यायसमोर द्या. पण उतरवा."

किशोरभाऊंनी एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं.

हमालांनी मागची फळी पाडली. पांढऱ्या गाठी दोन थरांत लागल्या होत्या. खुशालराव हात लावून बघायला लागला, पण गाठी आवळायच्या लोखंडी पट्ट्या ओढून ओढून त्याच्या तळव्यांना घट्टे पडलेले, त्याला थंड-ऊन कळेना. त्यातून वरच्या थराला उन्हाने चटका बसत होता. रागिणी चढली, आणखी दोघी चढल्या, नीलम डाव्या हाताने फळी धरून चढली. सगळ्या कापडांवर तळवे फिरवत होत्या. खाली मनकर्णाबाई उभी. पाय जमिनीला खिळलेले. दार नव्हतं जवळ, पळायला जागा नव्हती, समोर फक्त कापसाची भिंत. 

"बाई, मले काई समजून नाई राह्यलं," वरून नीलम म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "साऱ्याच ऊन लागतात."

मनकर्णाबाईने डोळे मिटले, उघडले, आणि फळीवर पाय ठेवला. रागिणीने हात देऊन तिला वर ओढलं.

"उनातल्या गाठी ऊन लागतीनच," ती हळू म्हणाली. "सावलीतली पाहा. खालच्या थरातली." आणि दोन गाठींच्या मधल्या फटीत, जिथे ऊन पोचत नव्हतं, तिथे तिने खांद्यापर्यंत हात घातला. पहिली गार लागली. दुसरी गार. तिसऱ्या गाठीवर तळवा टेकला आणि तो तिथेच थांबला. नुकताच ताप चढायला लागलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसं ते ऊन होतं. तिने फटीला नाक लावलं. जळक्या कापसाचा वास ती विसरणं शक्य नव्हतं.

तिने ओरडायला तोंड उघडलं. आवाज आला नाही.

 तशीच दुपार, तोच वास. नीलम हातभर अंतरावरून तिच्याकडे बघत होती. "बाई?" ती म्हणाली. "बाई, हीच का?" तिने फोड आलेला हात मनकर्णाबाईच्या पाठीवर ठेवला. बाईच्या छातीत काहीतरी सुटलं आणि घोगरा, फाटका, माणसाचा वाटू नये असा आवाज बाहेर पडला.

"हीच! उतरवा! पाणी आणा!"

हमालांनी गाठ खाली लोटली आणि आडव्या पहारी घालून कंपाउंडच्या पलीकडच्या मोकळ्या वावरात ढकलत नेली. बायकांनी बादल्यांची रांग लावली, कोणी नळी ओढत आणली. खुशालरावने सगळ्यांना मागे सारलं आणि लांब दांड्याच्या कात्रीने पट्ट्या तोडल्या. गाठ फसकन फुगली. वर पांढरी रुई, तिच्याखाली पांढरी रुई. किशोरभाऊंनी मनकर्णाबाईकडे पाहिलं.  खुशालरावने आकड्याने आणखी एक थर उलटला आणि आत भाकरीएवढा काळा गोल दिसला. त्याला वारा लागला, काळ्याची लाल कडा झाली, आणि बघता बघता माणसाच्या उंचीचा जाळ उभा राहिला.

एकीच्याही हातून बादली सुटली नाही. मनकर्णाबाई पहिल्या बादलीवर होती. अर्धं पाणी तिच्याच लुगड्यावर सांडत होतं, तरी ती फेकत राहिली. शेवटचा धूर बसला तेव्हा ड्रायव्हर ट्रकच्या चाकाला टेकून बसला होता. रात्री गिरणीबाहेर थांबल्यावर याच गाठींवर ताडपत्री टाकून त्याचा क्लीनर झोपणार होता, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

किशोरभाऊंनी उरलेल्या सगळ्या गाठी उतरवायला लावल्या. संध्याकाळी त्यांनी मनकर्णाबाईला बोलावलं. "त्या नव्या पोरीनं बटण दाबलं नाही. तिला उद्यापासून येऊ नको म्हण."

"तिले मीनं मुकं केलं, भाऊ," मनकर्णाबाई म्हणाली. "काढाचं तं मले काढा."

 किशोरभाऊंनी कोणालाच काढलं नाही.

त्या रात्री जेवताना तिने श्रावणला जयवंतेबद्दल सगळं सांगितलं. तो घास हातात धरून ऐकत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "इतके दिवस एकटीच घेऊन फिरत होतीस?" मग मात्र ती मोकळेपणी रडली.

पुढच्या आठवड्यात पट्टा भरधाव चालू असताना भोंगा वाजला. बटणावर नीलमचा हात होता. सगळ्या बायका धावल्या. रुई उलटीपालटी करून चाळली, रेच्याची सुरी तपासली, पट्टा शेवटपर्यंत पाहिला. काही नव्हतं. पट्टा थांबलेला, किशोरभाऊ दारात कमरेवर हात देऊन उभे, आणि सगळ्या बायकांच्या नजरा मनकर्णाबाईवर खिळलेल्या. नीलमचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मनकर्णाबाईच्या पोटात तोच गोळा आला होता. शिवी ओठांपर्यंत आली. तिने ती गिळली, दाराजवळची आपली जागा सोडली आणि पट्ट्यापाशी नीलमच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"बरं केलं दाबलं तं," ती म्हणाली. "उद्याबी वाटलं तं दाबजो."

पट्टा पुन्हा सुरू झाला. नीलमने खाली पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमचे हात कापून राह्यले."

मनकर्णाबाईने हात पदराखाली लपवले नाहीत.

"कापू दे," ती म्हणाली. "तू पट्ट्याकडं पाह."